नवे बूट घेतले की बरं वाटतं, दोन महिन्यांनी गुडघा पुन्हा दुखतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "रस्त्यावर पळायला लागलो आणि गुडघा धरला. नवे बूट घेतले, महिनाभर एकदम छान. आता पुन्हा तेच." पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: आता कोणते बूट घेऊ?

बुटांकडे आपण येणारच आहोत, पण सहाव्या पायरीवर. आधीच्या पाच पायऱ्यांना एक पैसा लागत नाही आणि पुष्कळांचं दुखणं तिथेच सापडतं. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवर पळते आहे. हे चक्र दोनदा स्वतःच्या गुडघ्यावर सोसलं आहे आणि बरोबर पळणाऱ्या अनेकांचं सोडवायला मदत केली आहे. त्यातून जो क्रम पक्का झाला, तो इथे लिहिते.

आधी लक्षणं

दुखतं कुठे आणि कधी, हे नेमकं सांगता आलं की निम्मं काम होतं. "गुडघा दुखतो" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

- गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे बोथट दुखणं. जिना उतरताना, उतारावर, किंवा बराच वेळ बसून उठताना जास्त.
- गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं. सुरुवातीला काही नसतं, ठरावीक अंतर झालं की सुरू होतं. थांबलं की जातं, परवा पुन्हा त्याच अंतरावर हजर.
- नडगीच्या आतल्या कडेने, खालच्या भागात, चांगलं चार-सहा बोटं लांब पट्ट्यात दुखणं. पळायला लागल्यावर टोचतं, अंग गरम झालं की कमी होतं, नंतर परत ठणकतं.
- सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेत कळ.
- चवड्याखाली जळजळ, किंवा बोटं बधिर होणं.

ही पाचही दुखणी घरच्या घरी तपासायला घेण्यासारखी आहेत. पण दुखरी जागा हाडावर असेल आणि ती एका बोटाच्या टोकाने दाखवता येत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा जांघेत खोलवर दुखत असेल, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा आणि तोवर पळू नका.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते: एकच पाय दुखतो की दोन्ही? दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर कारण बहुधा दोन्ही पायांना समान लागू होणारं असतं, म्हणजे अंतर एकदम वाढलेलं किंवा बूट संपलेले. एकच पाय दुखत असेल तर रस्त्याचा उतार, लेस, त्या पायाची जुनी इजा किंवा त्या बाजूची ताकद, असं काहीतरी एकतर्फी शोधावं लागतं. दोन्ही पायांत सारखाच बूट असताना एकच गुडघा का ओरडतो, या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही.

नवा बूट महिनाभरच का पुरतो

पळताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर येतो. आरामात पळताना एका किलोमीटरला हजाराच्या आसपास पावलं पडतात. म्हणजे पाच किलोमीटरला प्रत्येक पायावर अडीच हजार वेळा हा जोर.

बूट हा भार नाहीसा करत नाही, तो एका जागेवरून दुसरीकडे सरकवतो. टाच उंच असलेल्या बुटात गुडघ्याच्या वाट्याला जास्त येतं आणि पोटरीला आराम मिळतो. टाच खाली आणली की उलट होतं. त्यामुळे वेगळ्या ठेवणीचा बूट घातला की दुखरी जागा काही दिवस मोकळी होते. शिवाय दुखत होतं म्हणून आधीचे दोन-तीन आठवडे तुम्ही पळणं कमी केलेलं असतं, आणि त्या विश्रांतीचं श्रेयही नव्या बुटाला मिळून जातं. मग उत्साहाने अंतर वाढतं, मूळ कारण जागेवरच असतं, आणि दुखणं परत येतं.

कठीण रस्त्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपले पाय जमिनीप्रमाणे स्वतःला बदलतात. जमीन कडक असली तर गुडघा आणि घोटा थोडे जास्त वाकून झटका पचवतात, जमीन मऊ असली तर पाय थोडा ताठ राहतो. म्हणूनच काँक्रीटवर अंगठा दाबून ते किती टणक लागतं, त्यावरून गुडघ्याला किती बसणार हे ठरत नाही. पायांना या बदलाची सवय व्हायला मात्र वेळ लागतो. मातीच्या मैदानावर पळणारा माणूस एकदम सगळं पळणं काँक्रीटवर नेतो, तेव्हा तो वेळ त्याने पायांना दिलेलाच नसतो.

1. मागच्या सहा आठवड्यांची नोंद काढा

सगळ्यात सोपी तपासणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. फोनमध्ये किंवा वहीत असेल तिथून मागच्या सहा आठवड्यांतलं प्रत्येक पळणं एका कागदावर लिहा: तारीख, अंतर, रस्ता कोणता, बूट कोणते. दुखणं सुरू झालं त्या दिवसावर खूण करा आणि तिथून मागे तीन आठवडे बघत जा.

शोधायचं ते हे: आधीच्या महिन्यातल्या सर्वांत लांब पळण्यापेक्षा एखादं पळणं एकदम मोठं झालं का? सहा किलोमीटरवरून थेट दहा? सलग चार दिवस पळालात का? चढ-उताराचा नवा रस्ता, नवा वेगाचा सराव, मातीवरून काँक्रीट? एका वेळी एवढ्यातली एकच गोष्ट बदललेली असावी. बहुतेक कागदांवर एकाच आठवड्यात दोन-तीन बदललेल्या दिसतात.

हाडं, कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि कूर्चा (सांध्यातलं गुळगुळीत अस्तर) यांना भाराची सवय होते, पण दमसास वाढतो त्यापेक्षा कितीतरी हळू. दम महिन्याभरात बरा होतो, त्यामुळे आपण जास्त पळू शकतो असं वाटतं आणि पायांची तयारी मागे राहते. कागदावर उडी सापडली तर दोन आठवडे त्या उडीच्या आधीच्या अंतरावर या, तेही एक दिवस आड. एका दौडीत वाढवायचं झालं तर मागच्या महिन्यातल्या सर्वांत लांब दौडीच्या एक दशांशापेक्षा जास्त वाढवू नका. एवढ्यानेच दुखणं उतरलं तर पुढचं वाचायची घाई नाही.

2. लेस सोडा आणि पुन्हा बांधा

ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण लेस न सोडता बूट घालणारे आणि काढणारे किती आहेत ते बघा. अशा बुटात टाच प्रत्येक पावलाला वर-खाली सरकते, पाय पुढे घसरतो आणि तो धरून ठेवायला बोटं आवळली जातात. पोटरी आणि नडगीचे स्नायू मग विनाकारण काम करत राहतात.

बसा, टाच मागे ठोकून बुटाच्या पाठीला टेकवा, आणि खालच्या भोकापासून एकेक करत लेस ओढत वर या. घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांमधून लेस त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओवा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवडा आवळला जात नाही. चवड्याला जळजळ किंवा बोटं बधिर होत असतील तर पुढच्या भागातली एक आडवी लेस गाळून बघा. पावलाच्या वरच्या नसेवर दाब येत असेल तर तो लगेच कळतो.

3. जुने बूट टेबलावर ठेवा

दोन्ही बूट जोडीने टेबलावर ठेवा, टाचा तुमच्याकडे करून, आणि डोळे टाचांच्या उंचीवर आणून बघा. उभ्या रेषेत आहेत का? एखादा आत किंवा बाहेर झुकला आहे का?

एका मैत्रिणीचे बूट असेच पाहिले होते. वरून नवे दिसत होते, सोलवरची नक्षीही शाबूत होती. पण डाव्या बुटाची पाठ आतल्या बाजूला कलंडली होती आणि टाचेचा कडक भाग मध्ये चुरगळलेला होता. ती घाईत तो पाठीवरून तुडवून सपातासारखा घालत असे. पाऊल टाकताना टाच धरून ठेवणारं त्या बुटात काही उरलंच नव्हतं. दुखत होता तोही डावाच गुडघा.

मग मधला फोम बघा. सोलच्या बाजूने आडव्या सुरकुत्या दिसतात का? नव्यातही थोड्या असतात, पण अंगठ्याने दाबल्यावर त्या गच्च मिटत असतील आणि फोम परत वर येत नसेल तर तो संपला. आतलं पातळ गादीसारखं इनसोल उपसून काढा. चवड्याखाली किंवा टाचेखाली खड्डा पडला आहे का? दोन्ही इनसोलवरचे ठसे सारखे आहेत का?

बाहेरच्या टाचेची कडा झिजलेली दिसली की लोक घाबरतात आणि आपलं पाऊल वाकडं पडतं असं ठरवून टाकतात. तसं काही नाही. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवरच आधी टेकते, त्यामुळे ती झीज स्वाभाविक आहे. दोन बुटांची झीज एकमेकांपेक्षा खूप वेगळी असेल तेव्हा मात्र लक्ष द्या.

पळायचे बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतात. वजन जास्त असेल, रस्ता खरबरीत असेल किंवा फोम फार हलका असेल तर त्याहून कमी. खालचं रबर शाबूत दिसतं आणि मधला फोम आधीच बसलेला असतो, म्हणून नुसतं सोल बघून कळत नाही. आठवड्याला 25 किलोमीटर पळणाऱ्याचे बूट पाच-सात महिन्यांत या टप्प्यावर येतात. तेच बूट घालून दिवसभर फिरलात तर तेही मोजा. मी नव्या बुटाच्या जिभेच्या आत पेनाने महिना आणि वर्ष लिहून ठेवते. आठवणीवर विसंबलं तर बूट नेहमी आहेत त्यापेक्षा नवेच वाटतात.

फोमला उष्णता मानवत नाही. भिजलेले बूट कडक उन्हात, हीटरजवळ किंवा बंद गाडीत वाळवू नका. इनसोल काढून, आत कागद कोंबून सावलीत ठेवा.

4. रस्त्याकडे बघा

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते केलेले असतात. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण रोज एकाच कडेने पळतो, आणि ते सुरक्षिततेसाठी बरोबरच आहे. पण मग एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो.

माझा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने चौथ्या किलोमीटरला दुखायचा. बूट बदलले, टाचेखाली जेलची गादी घातली, तरी चौथा किलोमीटर चुकायचा नाही. एके दिवशी त्याच रस्त्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवली आणि ती घरंगळत उजवीकडच्या गटाराकडे गेली. महिनोन्‌महिने माझा उजवा पाय त्याच उतारावर पडत होता. सपाट मैदानाभोवतीचा रस्ता धरला, तिथेही अर्धं अंतर एका दिशेने आणि अर्धं उलट दिशेने पळायचं ठरवलं, आणि पाच आठवड्यांत दुखणं उतरलं. त्याच जुन्या बुटांत.

काँक्रीटपेक्षा डांबर थोडं बरं, डांबरापेक्षा दाबलेली माती बरी. पण सैल वाळू आणि खड्ड्यांचं मैदान घोट्यासाठी आणि पोटरीसाठी वेगळी अडचण उभी करतात, तेव्हा "मऊ म्हणजे चांगलं" असं डोळे मिटून धरू नका. उंचसखल फरशीच्या फुटपाथवर पाय सतत वेगवेगळ्या कोनात पडतो. आठवड्यातल्या पळण्यापैकी एक-दोन दिवस वेगळ्या पृष्ठभागावर न्या, एवढं पुरतं.

5. पावलं मोजा

आरामात पळताना 30 सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारने गुणा. ही तुमची मिनिटाची पावलं. 39 आले तर 156.

पावलं कमी आणि लांब असतील तर पाय शरीराच्या बराच पुढे पडतो, गुडघा जवळजवळ सरळ असतो, आणि प्रत्येक पाऊल ब्रेक लावल्यासारखं होतं. त्याचा भार गुडघ्यावर येतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली दाखवलं की, वेग तोच ठेवून पावलांची संख्या 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. म्हणजे 156 वाल्याने 164 च्या आसपास यायचं. सगळ्यांनी 180 गाठलंच पाहिजे, असं जे सांगितलं जातं त्याच्या मागे लागू नका. उंची आणि वेगाप्रमाणे हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो.

आधी प्रत्येक दौडीत पाच मिनिटंच नव्या लयीत पळा, दर आठवड्याला थोडं वाढवा. पावलांचा आवाज ऐका, धप्‌धप्‌ कमी झाली की जमतं आहे. पोटरी पहिले काही दिवस जड वाटेल. पोटरीच दुखत असेल तर ही पायरी तूर्त सोडा.

6. आता बूट

वरची पाचही तपासून बूट खरोखर संपलेले निघाले, किंवा मापच चुकलेलं निघालं, तर नवे घ्या.

माप. संध्याकाळी जा, तेव्हा पाय दिवसभराच्या वावराने थोडे फुगलेले असतात, जसे ते पळतानाही फुगतात. पळताना घालता तेच मोजे आणि जुने बूट बरोबर न्या. दोन्ही पाय मोजून घ्या आणि मोठ्या पायाचं माप धरा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं शेजारचं असतं. मग बुटातलं इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल कडेवरून बाहेर सांडत असेल तर तो बूट तुम्हाला अरुंद आहे. लांबीचा आकडा वाढवून रुंदीची अडचण सुटत नाही, पाय आत घसरायला लागतो. रुंद मापाचाच बूट शोधा.

आराम. हा निकष मी सगळ्यांच्या वर ठेवते, आणि त्याला आधार आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी अनेक दशकं धावपटूंच्या पायांचा अभ्यास केला. 2015 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असं मांडलं की, घातल्यावर ज्या बुटात पळायला सगळ्यांत सहज वाटतं, तोच निवडणं हा इजा टाळण्याचा समंजस मार्ग आहे. याउलट पायाची कमान बघून "तुम्ही सपाट पायाचे, तुम्हाला अमुक प्रकारचा बूट" ही पद्धत अमेरिकी सैन्यदलांतल्या मोठ्या चाचण्यांमध्ये 2009 आणि 2010 साली तपासली गेली. कमानीप्रमाणे बूट दिलेल्या आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेल्या प्रशिक्षणार्थींच्या इजांमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. तेव्हा ओल्या पायाचा ठसा बघून कुणी बूट हातात दिला, तर तो घालून पळून बघा आणि मग ठरवा.

पळूनच बघा. उभं राहून किंवा चार पावलं चालून काही कळत नाही. निदान पाच मिनिटं, जमलं तर बाहेरच्या कठीण जमिनीवर. "पळून पळून सैल होतील" या आश्वासनावर बूट घेऊ नका. पहिल्या दिवशी जिथे टोचतं, तिथे दहाव्या किलोमीटरला जखम होते.

मऊपणा. लक्झेंबर्गमध्ये 848 धावपटूंवर सहा महिने चाचणी झाली, निकाल 2020 साली प्रसिद्ध झाले. दिसायला सारखेच बूट, काहींचा फोम मऊ, काहींचा कडक, आणि कुणाला कोणते ते पळणाऱ्यांना माहीत नव्हतं. कडक बूटवाल्यांत इजांचं प्रमाण जास्त निघालं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, मऊ बुटाचा फायदा ठळक दिसला तो वजनाने हलक्या धावपटूंमध्ये. जड माणसालाच जाड कुशन लागतं असा आपला समज असतो, तो त्यात टिकला नाही. मात्र जाड म्हणजे मऊ नव्हे. जाड सोलचा बूट टणक असू शकतो आणि पातळ सोलचा लुसलुशीत. आणि इतका मऊ नको की एका पायावर उभं राहिल्यावर घोटा डुगडुगेल.

टाच आणि चवडा यांतला उंचीचा फरक. याला ड्रॉप म्हणतात, तो शून्यापासून 12 मिमीपर्यंत असतो. फरक जास्त तर गुडघ्यावर जास्त, फरक कमी तर पोटरी आणि टाचेच्या वरच्या कंडरेवर जास्त. वाटीभोवती दुखणाऱ्याने थोडा कमी ड्रॉप करून बघायला हरकत नाही. पोटरी किंवा टाचेची कंडरा दुखणाऱ्याने कमी करू नये. मी एका वेळी 4 मिमीपेक्षा जास्त फरक करत नाही, कारण गुडघा सुटला आणि पोटरी धरली, असं अनेकदा पाहिलं आहे.

हातात घेऊन बूट वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. टाचेचा मागचा भाग चिमटीत दाबा, तो लगेच चपटा होऊ नये. जिभेच्या आतल्या लेबलवर बऱ्याच बुटांना बनवल्याची तारीख असते. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला फोम आणि गोंद न वापरताही म्हातारा होतो, सवलतीत मिळत असला तरी. कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे बूट रोजच्या पळण्यासाठी घेऊ नका. ते पावलाचं वाकणं बदलतात, आणि रोज वापरले तर पावलाच्या हाडांवर वेगळाच ताण येतो.

नवे आले की जुने लगेच टाकू नका. पहिले दोन-तीन आठवडे आलटून पालटून घाला. लक्झेंबर्गमधल्याच दुसऱ्या एका पाहणीत 264 धावपटूंवर 22 आठवडे लक्ष ठेवलं होतं. एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांमध्ये इजेचा धोका 39 टक्के कमी आढळला. हे निव्वळ बुटांमुळेच घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण रोज जरा वेगळ्या पद्धतीने भार पडणं पायांना मानवतं हे पटण्यासारखं आहे.

7. ताकद

सर्वांत शेवटी, कारण याला पैसे लागत नाहीत पण महिने लागतात.

भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचलून खाली आणा. मोजा. प्रत्येक पायावर निदान 20 ते 25 व्हायला हव्यात, आणि दोन पायांत फार फरक नको. मग एका पायरीवर आरशासमोर उभं राहून एक पाय हळूहळू खाली न्या. उभ्या पायाचा गुडघा आत, अंगठ्याकडे झुकतो का? झुकत असेल तर खुब्याभोवतीचे स्नायू कमी पडत आहेत, आणि तीच गोष्ट पळताना प्रत्येक पावलाला होते. हा गुडघा कोणत्याही बुटाने सरळ होणार नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा टाचा उचलणं, पायरीवरून उतरणं, बैठका, एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. दोन-अडीच महिन्यांनी परत मोजा.

किती दुखलं तर चालेल, आणि कधी थांबायचं

हे सगळं करताना दुखणं शून्य असायला हवं असं नाही. दहापैकी दोन-तीन इतकं, पळताना वाढत न जाणारं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निघून जाणारं दुखणं चालतं. त्याहून जास्त झालं तर अंतर कमी करा. गोळी घेऊन पळू नका. दुखण्याची गोळी इशारा झाकते, आणि घाम जाऊन पाणी कमी झालेल्या शरीरात अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

खाली दिलेलं काहीही दिसलं तर पळणं त्या दिवशीच बंद, बुटांचा विचार बंद, आणि हाडांच्या किंवा क्रीडा वैद्यकाच्या डॉक्टरांकडे जा:

- हाडावर एका बोटाने दाखवता येणारी दुखरी जागा, एका पायावर उडी मारली की तिथेच कळ. हे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं.
- जांघेत किंवा खुब्यात खोलवर दुखणं आणि त्या पायावर भार देताना वाढणं. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असेल आणि पळत राहिलात तर हाड पूर्ण मोडू शकतं. यात एक दिवसही वाट पाहू नका.
- विश्रांतीत किंवा रात्री दुखणं, लंगडत चालावं लागणं.
- गुडघ्याला सूज, गुडघा अडकणं, किंवा चालताना अचानक दगा देणं.
- एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा. ही शिरेतली गुठळी असू शकते. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तरीही त्याच दिवशी दवाखाना.
- पायात मुंग्या किंवा बधिरपणा जो लेस सैल करूनही जात नाही.

स्ट्रेस फ्रॅक्चरबद्दल आणखी एक. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसतच नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच पळायला जाऊ नका, दुखणं तसंच असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. पाळी अनियमित झाली असेल किंवा बंद झाली असेल, खाणं कमी करून पळत असाल, तर तेही न लाजता सांगा. हाडांशी त्याचा थेट संबंध आहे.

यातलं काहीच नाही, पण दोन आठवडे नीट विश्रांती घेऊन आणि पहिल्या पाच पायऱ्या करूनही फरक नाही, तर पळणाऱ्यांबरोबर काम करणारा फिजिओथेरपिस्ट गाठा. पळून पळून गुडघे झिजतील या भीतीने अनेकजण तिथे जायच्या ऐवजी पळणंच सोडतात. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या पाहणीत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांची झीज हौसेने पळणाऱ्यांमध्ये 3.5 टक्के, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के, आणि स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के आढळली होती.

जाताना पहिल्या पायरीवर केलेला तो कागद आणि आत्ता वापरात असलेले बूट न धुता, तसेच न्या. हाफ पँट घाला, म्हणजे गुडघे दिसतील. शक्य असेल तर कुणाकडून तरी मागून आणि बाजूने पळतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून घ्या, दुखायला लागल्यानंतरचा. तपासणाऱ्याने विचारलेल्या पहिल्या दहा प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरं त्यातच असतात.